वाचक विचारतात : ग्रेट बॅरिअर रीफमधले रहिवासी

मागच्या अंकात मी ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या ग्रेट बॅरिअर रीफवर लिहिलं होतं. क्वीन्सलँड राज्याच्या किनाऱ्याला समांतर सुमारे २३०० किलोमीटर पसरलेला, जवळजवळ ३००० लहानमोठ्या प्रवाळखडकांचा हा समूह. त्याचा भूगोल, १९७५ चा सागरी उद्यानाचा कायदा आणि १९८१ साली मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा एवढ्यावर तो लेख संपला होता. पत्रं आली ती मात्र बहुतेक सगळी तिथल्या प्राण्यांविषयी. मला याचा फार आनंद झाला. क्वीन्सलँडमधल्या टाउन्सव्हिलला संशोधन करत असताना सर्वेक्षणाच्या बोटींवर माझी बरीच वर्षं गेली; रीफ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर नकाशा येत नाही, हे प्राणीच येतात. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. विषय जिथे खोल होता तिथे मी रेंगाळले.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवते. प्रवाळ हा प्राणी आहे असं सांगितलं की मुलं विचारतात, मग तो हलत का नाही? खातो काय? आणि त्याला पिल्लं कशी होतात? – एक शिक्षिका

मुलांनी नेमकं विचारलंय. त्यांच्याच क्रमाने घेऊ.

प्रवाळ हलतो, पण रात्री. दिवसा आपल्याला दिसतो तो बहुतांशी त्याचा चुनखडीचा सांगाडा आणि त्यावरचा कातडीसारखा पातळ जिवंत थर. त्या थरात हजारो पॉलिप शेजारी शेजारी बसलेले असतात. एकेक पॉलिप बहुधा काही मिलिमीटरचाच : एक तोंड, तोंडाभोवती शुंडकांचं, म्हणजे बारीक सोंडांसारख्या अवयवांचं कडं, खाली पोट. अंधार पडला की शुंडकं बाहेर येतात आणि दिवसा खडबडीत दिसणारा खडक मऊ, केसाळ दिसू लागतो. शुंडकांवर दंशपेशी असतात. पाण्यातून वाहत आलेला सूक्ष्म जीव त्यांना लागला की लुळा पडतो आणि तोंडाकडे ओढला जातो.

पण एवढ्या शिकारीवर त्याचं भागत नाही. पॉलिपच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवालं राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात; प्रवाळाच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाडेकरूंकडून येऊ शकते. त्या बदल्यात प्रवाळ त्यांना आसरा आणि स्वतःच्या उत्सर्गातली पोषकद्रव्यं देतो. प्रवाळाचा तपकिरी-हिरवा रंगही बराचसा त्यांचाच. ही भागीदारी मुलांना नीट समजावून सांगा, कारण खाली विरंजनाच्या, म्हणजे प्रवाळ पांढरा पडण्याच्या प्रश्नात सगळं तिच्यावरच येऊन थांबतं.

आता तिसरा प्रश्न. १९८० च्या आधीची पुस्तकं सांगत की प्रवाळ बहुधा पोटातच पिल्लं वाढवतात आणि वर्षभर थोडीथोडी बाहेर सोडतात. १९८१ साली टाउन्सव्हिलसमोरच्या मॅग्नेटिक बेटापाशी जेम्स कुक विद्यापीठाच्या तरुण संशोधकांनी रात्री पाण्यात उतरून पाहिलं, तेव्हा वेगळंच घडत होतं. वेगवेगळ्या जातींचे प्रवाळ एकाच वेळी अंडी आणि शुक्रपेशींच्या गुलाबी गोळ्या पाण्यात सोडत होते. त्यांचा शोधनिबंध १९८४ साली ‘सायन्स’मध्ये आला आणि पाठ्यपुस्तकं बदलावी लागली. हे दरवर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत होतं. किनाऱ्याजवळचे खडक आधी, बाहेरचे नंतर. पाण्याचं वाढतं तापमान महिना ठरवतं, चंद्र रात्र ठरवतो आणि सूर्यास्तानंतरचा काळोख तास ठरवतो.

मी हे पाहिलं ती रात्र ढगाळ होती. आधी अर्धा तास काहीच नाही. मग माझ्या समोरच्या फांद्यांच्या प्रवाळात प्रत्येक पॉलिपच्या तोंडाशी एक गुलाबी ठिपका दिसू लागला. प्राणी तो तोंडात धरून बसला होता. आणि एकदम सोडला. काही मिनिटांत बॅटरीच्या झोतात पाण्याऐवजी गोळ्याच दिसत होत्या, सगळ्या वर निघालेल्या. बोटीवर परतलो तेव्हा केसांत, मुखवट्याच्या पट्ट्यात, सगळीकडे तोच चिकट ओला वास. एकाच वेळी सोडण्यात दोन फायदे आहेत. जागचं हलू न शकणाऱ्या प्राण्याच्या अंड्याला दुसऱ्याची शुक्रपेशी भेटते, आणि खाणाऱ्यांची पोटं भरूनही पुष्कळ उरतं. फलित अंड्याची अळी होते, ती काही दिवस वाहते, मग योग्य पृष्ठभाग सापडला की चिकटते आणि पुन्हा कधी जागा सोडत नाही.

प्रश्न : ही एकच सलग भिंत आहे का? जहाजं आतबाहेर कशी करतात?

सलग नाही. सुट्या खडकांमधून वाटा आहेत, पण त्या माहीत असाव्या लागतात. ११ जून १७७० च्या रात्री ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकचं ‘एंडेव्हर’ जहाज इथेच खडकावर चढलं होतं. आजही सगळं सापडलेलं नाही : २०२० साली केप यॉर्कच्या बाजूला ५०० मीटर उंचीचा, तळापासून सुटा उभा असलेला एक प्रवाळखडक नव्याने नोंदवला गेला.

प्रश्न : मोठा मासा लहान माशाला खातो, हे लहानपणापासून ऐकत आलो. मग एका माहितीपटात बोटभर मासा भल्या मोठ्या माशाच्या उघड्या जबड्यात शिरून सफाई करताना दिसला. तो वाचतो कसा? – बँकेतून निवृत्त झालेले एक वाचक

काका, तुम्ही माझ्या सगळ्यात आवडत्या विषयाला हात घातलात.

तो निळ्या-काळ्या पट्ट्यांचा सफाई मासा, शास्त्रीय नाव लॅब्रॉइडिस डिमिडिएटस. रीफवर त्याची ठरलेली जागा असते, एखादा उंचवटा किंवा प्रवाळाची कडा. मोठे मासे तिथे येतात, तोंड आणि कल्ले उघडून जागच्या जागी तरंगतात. काही जण उभे राहतात, काही रंग बदलतात. सफाई मासा अंगावरून फिरतो आणि परजीवी टिपतो. यातले बरेचसे नॅथिड नावाचे, रक्त पिणारे इवलेसे कवचधारी जीव असतात. लिझार्ड बेटावरच्या संशोधन केंद्रात लेक्सा ग्रुटर यांनी मोजणी केली, तेव्हा एक सफाई मासा दिवसाला सुमारे १२०० परजीवी खातो असं दिसलं. ही सेवा मिळत असताना त्याला गिळून टाकणं मोठ्या माशाच्या फायद्याचं नाही.

पण खरी मजा पुढे आहे. सफाई माशाला परजीवींपेक्षा माशाच्या अंगावरचा चिकट श्लेष्म जास्त आवडतो. तो ओरबाडला की गिऱ्हाईक दचकतं, झटका देतं. रेडुआन ब्शारी या स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या संशोधकाने वर्षानुवर्षं हे व्यवहार पाहिले. फसवलं गेलेलं गिऱ्हाईक निघून जातं किंवा सफाई माशाच्या मागे लागतं. आणि दुसरं गिऱ्हाईक जवळून पाहत असेल तर सफाई मासा अधिक प्रामाणिक वागतो! नर-मादी जोडीने काम करत असताना मादीने श्लेष्माचा लचका तोडला आणि गिऱ्हाईक पळालं, तर नर मादीचा पाठलाग करतो. त्यानंतर ती जपून वागते. इतक्याशा मेंदूत प्रतिष्ठेचा हिशोब बसतो, हे मला अजूनही थक्क करतं.

यात तोतयाही आहे. ब्लेनी कुळातला एक मासा अगदी सफाई माशासारखा दिसतो, तसाच डुलत पोहतो आणि जवळ येऊन परांचा तुकडा तोडून पळतो.

आणि या लहानशा नोकराचं मोल किती, तेही तपासून झालंय. लिझार्ड बेटाजवळच्या काही छोट्या खडकांवरून संशोधकांनी साडेआठ वर्षं सफाई मासे सतत दूर ठेवले. शेजारचे खडक तसेच राहू दिले. शेवटी मोजलं तेव्हा सफाई मासे नसलेल्या खडकांवर तिथेच मुक्काम करणाऱ्या माशांची संख्या ३७ टक्क्यांनी आणि जातींची संख्या २३ टक्क्यांनी कमी भरली. रीफ म्हटलं की आपण शार्क आणि देवमासे शोधतो. मी पाहुण्यांना आधी हा मासा दाखवत असे.

प्रश्न : पोपटमासा वाळूची शी करतो, असं दादा म्हणतो. तो मला चिडवतोय का? – इयत्ता तिसरी

दादा खरं सांगतोय. पोपटमाशाचे दात एकमेकांना जुळून चोचीसारखे झालेले असतात. त्या चोचीने तो प्रवाळखडक कुरतडतो, वरचं शैवाल आणि आतले सूक्ष्म जीव पचवतो आणि दगडाचा भुगा मागून टाकून देतो. पाण्यात डोकं घातलंस तर कुरतडण्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो. डोक्यावर टेंगूळ असलेला सगळ्यात मोठा पोपटमासा वर्षाला पाच टनांहून जास्त खडक फोडून खातो. रीफमधल्या बेटांवरच्या पांढऱ्या वाळूत या माशांचा मोठा वाटा आहे.

दादाला माहीत नसेल असंही एक सांगते. काही पोपटमासे रात्री झोपायच्या आधी तोंडाजवळून चिकट द्रव सोडून स्वतःभोवती पारदर्शक पिशवी विणतात आणि तिच्यात झोपतात. वर सांगितलेल्या रक्तपिपासू नॅथिडांपासून ती त्यांचं रक्षण करते. सफाई मासा रात्री झोपलेला असतो ना, म्हणून.

प्रश्न : काटेरी मुकुटवाल्या तारामाशांना पाणबुडे सुई टोचून मारतात, असं वाचलं. एका प्राण्यासाठी दुसऱ्याला मारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? – महाविद्यालयीन विद्यार्थिनी

मी स्वतः ती सुई हातात धरली आहे. तेव्हा या प्रश्नाला मी बाहेरून उत्तर देऊ शकत नाही.

आधी प्राण्याची ओळख. हा तारामासा बाहेरून आलेला नाही, रीफचाच रहिवासी आहे. त्याला २१ पर्यंत बाहू असतात, अंगभर विषारी काटे. तो प्रवाळावर चढतो, पोट तोंडातून बाहेर काढून त्यावर पसरतो आणि जिवंत थर तिथल्या तिथे पचवतो. निघून जातो तेव्हा मागे पांढरा सांगाडा उरतो. एक प्रौढ तारामासा वर्षाला दहा चौरस मीटरपर्यंत प्रवाळ खाऊ शकतो. संख्या कमी असते तेव्हा त्याचं असणं रीफच्या सोयीचंच आहे, कारण तो भराभर वाढणारे प्रवाळ जास्त खातो आणि सावकाश वाढणाऱ्यांना जागा मिळते. अडचण उद्रेकाची. १९६२ च्या सुमारास केर्न्सजवळच्या ग्रीन बेटावर पहिला मोठा उद्रेक नोंदवला गेला. त्यानंतर १९७९, १९९३ आणि २००९-१० च्या सुमारास नव्या लाटा सुरू झाल्या. प्रत्येक लाट उत्तरेकडून सुरू होऊन वर्षानुवर्षं दक्षिणेकडे सरकते.

ऑस्ट्रेलियाच्या सागरी विज्ञान संस्थेने १९८५ ते २०१२ या काळातली पाहणी मांडली, तेव्हा रीफवरचं जिवंत प्रवाळाचं आच्छादन २८ टक्क्यांवरून १३.८ टक्क्यांवर आलं होतं. त्यातलं ४८ टक्के नुकसान चक्रीवादळांचं होतं, ४२ टक्के या तारामाशांचं. चक्रीवादळाला सुई टोचता येत नाही.

आता अधिकाराबद्दल. उद्रेकामागे आपला हात असल्याची चिन्हं आहेत. मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी सोडते आणि अळ्या वनस्पतिप्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर जगतात. शेतांतली खतं नद्यांच्या पुरासोबत समुद्रात आली की प्लवक वाढतं आणि एरवी उपाशी मेल्या असत्या अशा अळ्या जगतात, असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत आहे. या तारामाशाला खाणाऱ्या महाकाय ट्रायटन गोगलगायी सुंदर शंखासाठी एकेकाळी भरपूर गोळा केल्या गेल्या. मासेमारी बंद असलेल्या भागांत उद्रेक कमी दिसतात, हेही नोंदलं गेलं आहे. म्हणजे तराजू आपणच कलता केला असेल तर तो सावरण्याची जबाबदारीही आपल्याकडे येते. मला हा अधिकार वाटत नाही, काम वाटतं. आणि ते आनंदाचं नाही.

पद्धतीबद्दल थोडं. पूर्वी एकेका प्राण्याला अनेक ठिकाणी रसायन टोचावं लागे. आता पित्तक्षारांचं एकच इंजेक्शन पुरतं, साधं व्हिनेगरही चालतं, आणि आजूबाजूच्या प्राण्यांना त्याचा त्रास होत नाही. तरीही ३००० खडकांवर माणसं पुरणार नाहीत. म्हणून निवडक खडकच राखले जातात, विशेषतः जिथून प्रवाळाच्या अळ्या वाहत जाऊन इतर खडकांवर वस्ती करतात असे.

एक छोटी गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. फांद्यांच्या प्रवाळात नखाएवढे खेकडे राहतात. तारामासा चढू लागला की ते त्याच्या मऊ पायनळ्यांना चिमटे काढून त्याला परतवतात. सगळीकडे प्रवाळ फस्त झालेला असताना मधेच एखादी जिवंत फांदी दिसली की मी वाकून आत बघायची. खेकडा असायचाच असं नाही, पण असायचा तेव्हा तो मलाही नांग्या दाखवायचा.

प्रश्न : पाण्याखाली शांतता असते का?

अजिबात नाही. निरोगी रीफ गोंगाटाची असते : तडतडणाऱ्या कोळंब्या, घुरघुरणारे, टकटकणारे मासे, पोपटमाशांची करकर. मोकळ्या समुद्रात वाढलेली माशांची पिल्लं या आवाजाचा माग काढत घर शोधतात. लिझार्ड बेटापाशी संशोधकांनी मृत प्रवाळाच्या ढिगाऱ्यांजवळ ध्वनिक्षेपक लावून निरोगी रीफचा आवाज ४० दिवस ऐकवला; तिथे येऊन राहिलेल्या माशांची संख्या आवाज नसलेल्या ढिगाऱ्यांच्या दुप्पट झाली. हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले.

प्रश्न : तिथली सगळी कासवं मादी होत चालली आहेत, ही बातमी खरी आहे का?

सगळी नाही, पण बातमीचा गाभा खरा आहे. जगातल्या समुद्री कासवांच्या सात जातींपैकी सहा या पाण्यात आढळतात. हिरव्या कासवांची जगातली सगळ्यात मोठी वीण रीफच्या उत्तर टोकाकडच्या रेन बेटावर होते. २०१९ च्या डिसेंबरमध्ये ड्रोनने चित्रण करून मोजणी केली, तेव्हा बेटाभोवती अंदाजे ६४,००० कासवं होती.

कासवाचं लिंग अंड्यात ठरत नाही, वाळूत ठरतं. घरट्याचं तापमान साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर नर-मादी मिसळून निघतात. त्याहून गरम वाळूत माद्या, थंड वाळूत नर. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तरेकडच्या कळपातली लहान कासवं ९९ टक्क्यांहून अधिक मादी निघाली, तर प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ८७ टक्के होतं. या दोन आकड्यांमधला फरक नीट पाहा. वयाने मोठी असलेली कासवं थोड्या थंड काळात जन्मली होती. हिरवं कासव प्रौढ व्हायला काही दशकं लागतात, म्हणून आज वाळूत जे घडतंय त्याचा परिणाम पुढच्या पिढीतल्या माणसांना दिसेल. दक्षिणेकडच्या, थंड किनाऱ्यांवर अजून बऱ्यापैकी नर जन्मतात. तिथली घरटी म्हणूनच मला फार महत्त्वाची वाटतात.

रेन बेटावर आणखी एक संकट होतं. भरतीचं पाणी घरट्यांत शिरून अंडी कुजत आणि लहानशा कड्यांवरून उलट्या पडलेल्या माद्या उन्हात मरत. आता यंत्रांनी वाळूचा थर उंच केला आहे आणि कड्यांपाशी कुंपणं घातली आहेत. साधे उपाय आहेत, पण त्यांनी जीव वाचतात.

प्रश्न : आम्ही नातवंडांना घेऊन डिसेंबरमध्ये केर्न्सला जाणार आहोत. विषारी प्राण्यांची भीती वाटते. पाण्यात उतरावं का? – एक आजी

आजी, जरूर उतरा, पण नियम पाळून. नोव्हेंबर ते मे हा उत्तर क्वीन्सलँडमध्ये दंश करणाऱ्या जेलीफिशचा काळ. किनाऱ्यावर पोहायचं तर जाळी लावलेल्या आणि जीवरक्षक असलेल्या जागीच, आणि अंगभर दंशरोधक पोशाख घालून. बाहेरच्या रीफवर नेणाऱ्या बोटी तो पोशाख देतात. गरम होतंय म्हणून मुलांना काढू देऊ नका.

बॉक्स जेलीफिशचा मोठा दंश काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. दंश झाल्यास पाण्याबाहेर या, चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, भरपूर व्हिनेगर ओता आणि ००० या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. म्हणूनच तिथल्या किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या खांबाला लावून ठेवलेल्या असतात. इरुकांजी नावाची दुसरी जेलीफिश जेमतेम एक सेंटिमीटरची. तिचा दंश आधी किरकोळ वाटतो आणि अर्ध्या तासाने असह्य वेदना सुरू होतात. या आजाराचं मूळ शोधण्यासाठी केर्न्सचे डॉक्टर जॅक बार्न्स यांनी १९६१ साली ती स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला डसवून घेतली. तिघेही रुग्णालयात पोहोचले आणि बरे झाले. मुलावर प्रयोग करण्याचं समर्थन मला करता येत नाही, पण त्यामुळे कारण सापडलं हे खरं.

उथळ पाण्यात पायांत जाड तळव्याचे बूट घाला. स्टोनफिश दगडासारखा पडून असतो आणि त्याच्या पाठीवर १३ विषारी काटे असतात. काटा रुतला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि रुग्णालय गाठायचं. प्रतिविष उपलब्ध आहे. निळ्या कड्यांचा चिमुकला ऑक्टोपस आणि सुंदर नक्षीचा शंकूसारखा शंख, या दोघांना हात लावायचा नाही. किंबहुना कशालाच हात लावायचा नाही, ही एकच शिस्त नातवंडांना शिकवा. प्रवाळही त्यात आला.

प्रश्न : डुगाँग दुर्मीळ आहे, तरी आदिवासींना त्याची शिकार करू देतात. हा कसला न्याय? – एक संतप्त वाचक

तुमचा राग मी समजू शकते, पण तो चुकीच्या दाराशी पोहोचला आहे.

डुगाँग हा समुद्रगवतावर जगणारा, शांत, सस्तन प्राणी. दिवसाला ३० ते ४० किलो गवत खातो. ७० वर्षांपर्यंत जगतो, पण मादी एका वेळी एकच पिल्लू देते आणि दोन पिल्लांमध्ये अनेक वर्षं जातात. अशा प्राण्याला थोडे जादा मृत्यूही सोसत नाहीत. रीफच्या किनाऱ्यावरच्या आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटवासी समाजांचा हा प्राणी हजारो वर्षांचा सोबती आहे, आणि मूळ रहिवाशांचे परंपरागत हक्क मानणाऱ्या १९९३ च्या नेटिव्ह टायटल कायद्याने त्यांचा पारंपरिक शिकारीचा हक्क मान्य केला आहे. अनेक समाजांनी उद्यान प्राधिकरणाशी करार करून शिकारीवर स्वतःच मर्यादा घातल्या आहेत, काहींनी ती थांबवलीही आहे.

शहरी किनाऱ्यालगत डुगाँग घटले ते मुख्यतः जाळ्यांत अडकून : मासेमारीची गिल जाळी आणि पोहणाऱ्यांच्या रक्षणासाठी शार्कविरुद्ध लावलेली जाळी. शिवाय पुराचा गाळ येऊन समुद्रगवत झाकलं जातं. २०११ च्या प्रचंड पुरांनंतर आणि यासी चक्रीवादळानंतर गवताची कुरणं गेली आणि त्या वर्षी किनाऱ्याला लागलेल्या मृत डुगाँगांची संख्या खूप वाढली. जाळ्यांबद्दल मात्र हालचाल झाली आहे. २०२३ साली सरकारने रीफमधली गिल जाळ्यांची मासेमारी २०२७ च्या मध्यापर्यंत संपवण्याचं जाहीर केलं. हे फार आधी व्हायला हवं होतं.

प्रश्न : कधी वाचतो रीफ मेली, कधी वाचतो विक्रमी प्रवाळ वाढला. नेमकं खरं काय? – अनेक वाचक

सगळ्यात जास्त पत्रं या प्रश्नाची होती.

पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर जरी जास्त गरम झालं आणि ते काही आठवडे तसंच राहिलं, तर वर सांगितलेली भागीदारी मोडते. पेशीतली शैवालं विषारी रसायनं तयार करू लागतात आणि प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो. रंग जातो, खालचा पांढरा सांगाडा दिसतो. हेच विरंजन. पांढरा झालेला प्रवाळ अजून मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर थंड झालं तर शैवालं परत येतात. नाही झालं तर तो मरतो आणि त्यावर तपकिरी शेवाळ चढतं.

रीफवर असं मोठ्या प्रमाणात १९९८ आणि २००२ साली झालं. मग २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५. हे आकडे सावकाश वाचा. फक्त २०१६ च्या लाटेत उथळ पाण्यातला जवळजवळ ३० टक्के प्रवाळ गेला. जेम्स कुक विद्यापीठाच्या टेरी ह्यूज यांनी विमानातून केलेल्या पाहणीत उत्तरेकडचा भाग सगळ्यात जास्त पोळलेला दिसला.

तरीही २०२२ साली सागरी विज्ञान संस्थेने उत्तर आणि मध्य भागात ३६ वर्षांतलं सर्वाधिक आच्छादन नोंदवलं. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. परत आले ते मुख्यतः अॅक्रोपोरा जातींचे, फांद्या आणि पसरट थाळ्यांसारखे वाढणारे प्रवाळ. ते वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वाढू शकतात. पण उष्णतेला, वादळाला आणि काटेरी तारामाशाला पहिले बळी पडतात तेही हेच. वर्षाला सेंटिमीटरभर वाढणारे, शेकडो वर्षांचे गोलाकार पोरायटिस प्रवाळ एकदा गेले की एवढ्यात परत येत नाहीत. आणि मग २०२५ च्या अहवालात उत्तर आणि दक्षिण भागात वर्षभरातली आजवरची सगळ्यात मोठी घट नोंदली गेली. पाहणी सुरू होऊन तेव्हा ३९ वर्षं झाली होती.

माझं मत विचाराल तर रीफ मेलेली नाही, आणि ‘मेली’ असं लिहिणारे तिचं नुकसानच करतात, कारण मेलेल्यासाठी कोणी झगडत नाही. तिच्या प्राण्यांमध्ये सावरण्याची ताकद प्रचंड आहे. वीणीची ती एक रात्र पाहिलेल्या कोणालाही याची शंका येणार नाही. पण भराभर वाढणाऱ्या प्रवाळालाही नीट उभं राहायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि दोन तडाख्यांमध्ये आता एक ते तीन वर्षंच मिळतात. जे मासे फांद्यांच्या प्रवाळातच लपतात, जे फुलपाखरू मासे केवळ पॉलिपच खातात, त्यांना तर तेवढीही सवड नाही. २००४ साली रीफच्या ३३ टक्के भागात मासेमारी बंद केली, आधी हा भाग पाच टक्क्यांहून कमी होता. त्याचा फायदा कोरल ट्राउटसारख्या माशांमध्ये लवकरच दिसला. पाण्याच्या उष्णतेवर मात्र उद्यानाच्या हद्दीत बसून उपाय करता येत नाही; तो कोळसा, तेल आणि वायू जाळणं कमी करण्यातच आहे. हे वाक्य मी प्रत्येक व्याख्यानात म्हणत आले आणि पुढेही म्हणत राहीन.

प्रश्न : तुमचा स्वतःचा लाडका प्राणी कोणता?

एपॉलेट शार्क. लांबी मीटरभराच्या आतच, खांद्यावर मोठा काळा ठिपका, माणसाला निरुपद्रवी. रात्रीच्या ओहोटीत रीफच्या सपाटीवर उथळ डबकी उरतात आणि सगळे जीव श्वास घेऊन घेऊन त्यातला प्राणवायू संपवतात. इतर मासे अशा वेळी तडफडतात. हा शार्क मेंदूचं आणि हृदयाचं काम मंदावतो आणि अगदी प्राणवायू नसलेल्या पाण्यातही तासभर तग धरतो. पाणी फारच उतरलं तर परांवर चालत दुसऱ्या डबक्यात जातो. हेरॉन बेटावर यावर बरंच संशोधन झालं आहे.

एवढ्या चिवट प्राण्यालाही उष्णता बाधते. २०२१ च्या एका अभ्यासात ३१ अंशांच्या पाण्यात ठेवलेली अंडी २७ अंशांतल्या अंड्यांपेक्षा सुमारे २५ दिवस आधी फुटली, आणि पिल्लं लहान, दमलेली निघाली. हेरॉनला गेलात तर संध्याकाळच्या ओहोटीची वेळ बेटावर विचारून घ्या, वाटाड्याबरोबर जा, पाय वाळूवरच टाका आणि डबक्यांच्या कडेला हळूच बॅटरी मारा. झोत थेट त्याच्या डोळ्यांवर धरू नका, बाजूने धरला तर तो सहसा पळत नाही.